बर्फातला टब, माझे गुडघे

गेल्या ऑक्टोबरात मी एका म्हाताऱ्या बाईंसाठी गरम पाण्याचा टब निवडला. बाईंना मी तोवर पाहिलेलं नव्हतं. टब जायचा होता बोस्नियातल्या एका डोंगरावर, जिथे हिवाळ्यात पारा उणे पंधरावर उतरतो म्हणे. मी आयुष्यात बर्फ पाहिलाय तो फ्रीजरच्या कप्प्यात.

आमच्या कंपनीचं गोदाम शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात आहे. स्विमिंग पूलचे पंप, फिल्टर, क्लोरीनचे डबे आणि अंगणात ठेवायचे ते मोठे टब, पाच-सहा माणसं बसतील एवढे, ज्यांत हीटर असतो आणि पाठीवर पाण्याचे फवारे येतात. मी स्टोअर सांभाळते. जून ते सप्टेंबर इथे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी एवढं तापतं की नळाखाली हात धरवत नाही, आम्ही गीझर बंद करून त्यात साठलेलं पाणी गार म्हणून वापरतो. अशा देशात मी गरम पाण्याचे टब विकणाऱ्यांकडे नोकरी करते, हे पुण्यातल्या नातेवाइकांना अजून खरं वाटत नाही.

ऑफिस गोदामाच्या वर आहे. लोखंडी जिना, चौदा पायऱ्या. दोन वर्षांपूर्वी माझे गुडघे गेले. गेले म्हणजे एकदम नाही, पण त्या जिन्यावर चढता-उतरताना मला दर पायरीला दोन्ही पाय टेकवावे लागायला लागले, तेही कठडा धरून, आडवं होऊन. हे कुणाला दिसू नये म्हणून मी सकाळी साडेसातलाच यायला लागले, सगळ्यांच्या आधी. संध्याकाळी सगळे पाचला गेले की मी पाऊण तास उगाच कागद चाळत बसायचे आणि मग उतरायचे. लोकांना वाटलं मी फार कामसू आहे. वर्षअखेरीला मला त्याबद्दल एक सर्टिफिकेटसुद्धा मिळालं. ते मी घरी फ्रीजवर लावलं नाही, कपाटात कोंबलं.

लपवायचं कारण साधं होतं. नवरा रास अल खैम्याला सिरॅमिकच्या कारखान्यात होता, तिथली नोकरी गेली आणि पन्नाशी उलटलेल्याला दुसरी मिळेना. तेव्हापासून तो स्वयंपाक करतो, आणि घरातले तीनही व्हिसा माझ्या नोकरीवर उभे आहेत. मुलगी बारावीला. माझं काँट्रॅक्ट डिसेंबरात संपत होतं, तिची परीक्षा होती मार्चमध्ये. त्यातच आमच्या मॅनेजरनं मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "स्टोअर में फिट आदमी चाहिए, बस." आधीच्या वर्षी पाठीचं दुखणं काढलेल्या एका फिलिपिनो बाईचं काँट्रॅक्ट पुढे वाढलंच नव्हतं. तेव्हा मला काही झालेलं नाही, असं मी ठरवून टाकलं.

ऑफिसात हे एकाच माणसाला माहीत होतं. गोदामाचा फोरमन, चिपळूणकडचा, बायकामुलं गावाला. स्टॉक मोजायला शिडीवर चढायची वेळ आली की तो माझ्या हातातून यादी काढून घ्यायचा. "ताई, तुमी फक्त लिवा. आकडे मी ओरडतो." आम्ही दोघांनी मिळून ही लबाडी छान चालवली होती.

तर एक दिवस एक स्थानिक गृहस्थ आले, चाळिशीचे, अगदी मऊ बोलणारे. इथले बरेच जुने लोक बोलतात तसं हिंदी बोलत होते. त्यांनी बोस्नियात घर घेतलं होतं. आईला बर्फ पडताना बघत उघड्यावर गरम पाण्यात बसायचं होतं. "माँ बोलती है, मरने से पहले एक बार." आईचे सांधे धरलेले. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये तीन-तीन दुकानं हिंडायला ती येणार नव्हती.

असे टब विकत घेताना लोक कोरड्या टबात कपड्यांनिशी बसून बघतात. पाठ कुठे टेकते, पाय कुठे पोचतात. गृहस्थांनी गोदामात नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. त्यांनी हवेत हात धरून उंची दाखवली. "मेरी माँ, आपके जितनी. वजन भी..." पुढे ते थांबले आणि म्हणाले, "माफ करना, सिस्टर."

मॅनेजर हसला. "मॅडम बैठेगी ना! क्यों नहीं!"

म्हणजे अख्ख्या गोदामात जिला टबात चढणं सर्वांत अवघड, तीच नेमकी निवडली गेली. मला त्या क्षणी हसूही येईना आणि रडूही येईना, नुसता कंटाळा आला.

त्यांचा चौकशीचा फोन आदल्या आठवड्यातच आला होता, तेव्हाच मी थंड प्रदेशाचा अभ्यास करून यादी केली होती. पहिल्याच ओळीत मी लिहिलं होतं: टबाच्या चारी बाजूंच्या फळ्यांना हवेच्या खाचा हव्यात. वीस वर्षं इथे काढल्यावर हेच सुचतं. इथे मोटर जळते ती उन्हानं, म्हणून आम्ही दिसेल तिथे भोकं पाडतो. मग रात्री अंथरुणात लक्षात आलं की अगं बाई, तिथे त्याच खाचांतून थंडी आत शिरेल आणि नळ्या फुटतील. सकाळी आधी ती ओळ खोडली. मग लिहिलं: आतला फोम सगळीकडे भरलेला असावा. झाकण जाड, मधे उंच आणि कडेला उतरतं, म्हणजे बर्फाचं पाणी साचणार नाही. वीज गेली तर पाणी किती तास गोठणार नाही ते विचारणे. फोरमनला यादी वाचून दाखवली तर तो म्हणाला, "ताई, आमच्याकडं दव पडलं तरी आमी कानटोपी काढतो. मला काय विचारता?"

पहिल्या टबात झोपायची खुर्ची होती. ठेंगण्या बाईचे पाय पाण्यात तरंगून वर येतात, अशी तक्रार आधी आलेली मला माहीत होती. तो बाद केला. दुसरा फार खोल, टेप लावून पाहिलं तर पाणी माझ्या हनुवटीशी येत होतं. तोही बाद. तिसरा अगदी यादीप्रमाणे, फोम, झाकण, सगळं. फक्त त्याची भिंत माझ्या कमरेच्याही वर येत होती.

बाहेरून पायऱ्यांवरून चढता आलं. आत जाऊन बसले. खरं सांगते, बसल्यावर इतकं बरं वाटलं की वाटलं, आता मला इथेच राहू द्या. ऑफिसात एसी अठरावर असतो, दिवसभर गार वारा नेमका गुडघ्यांवर. मला थंड प्रदेश शोधायला बोस्नियाला जायची गरज नव्हती.

अवघड होतं ते बाहेर निघणं. खालून काठापर्यंत एक पाय उचलायचा, आणि तेवढा वेळ सगळा भार दुसऱ्या, वाकलेल्या गुडघ्यावर. गृहस्थांचा फोन वाजला म्हणून ते दाराशी गेले, मॅनेजर त्यांच्यामागे गेला, आणि तेवढ्यात फोरमननं काखेत हात घालून मला पोत्यासारखं बाहेर काढलं. ते परत आले तेव्हा मी ओढणी सारखी करत उभी होते.

"इतना जल्दी निकल आए?" गृहस्थ खूश झाले. मग त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "सिस्टर, मेरी माँ ऐसे अकेले निकल सकेगी? नीचे बर्फ होगा, पाँव गीला होगा."

मॅनेजर माझ्याकडे बघत होता.

"हाँ," मी म्हणाले. "आराम से."

घरी गेल्यावर नवऱ्यानं किंमत विचारली. पंचावन्न हजार दिरहम. "म्हणजे आपले तेरा लाख. पाण्यात बसायला!" असं म्हणत त्यानं माझ्यापुढे रोजची गरम पाण्याची बादली आणून ठेवली. मी त्यात पाय सोडले. मग एकदम सगळं सांगून टाकलं. नवरा म्हणाला, "तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस? त्यांच्याकडे माणसं असतील ना उचलायला." मुलगी अभ्यासातून मान वर न करता म्हणाली, "मॉम, जस्ट टेल देम." तिच्या व्हिसाचं काय, हे मी तिला सांगू शकत नव्हते.

दोन दिवस ती बाई माझ्या डोळ्यांपुढून हलेना. एकटी, ओली, उणे पंधरात, काठाला धरून. हाक मारतेय आणि घरात टीव्ही चालू आहे. मी कुणाला फसवलं तर ऑफिसला, स्वतःला. पण हिनं माझं काय वाईट केलं होतं? फक्त तिचे गुडघे माझ्यासारखे होते.

तिसऱ्या दिवशी निरोप आला, ॲडव्हान्स द्यायला येतोय आणि माँ पण येतेय, तिला बघायचंय. मी सकाळीच दुखण्याच्या दोन गोळ्या घेतल्या. हिशोब पक्का केला होता: दोन गोळ्यांवर, दात आवळून, एकदा मी त्या टबातून स्वतःहून निघू शकते. एकदाच. तेवढं पुरेसं होतं.

बाई काठी टेकत आल्या. काळा अबाया, हातावर मेंदी, तोंड मिश्कील. फोरमननं प्लास्टिकची खुर्ची दिली, त्या टबासमोर बसल्या आणि मला म्हणाल्या, "तुम हो मेरा जगा पे बैठने वाला? यल्ला, बैठो. फिर निकल के दिखाओ. मेरा बेटा सब को मानता है, हम नहीं मानता."

नेमकं तेव्हाच मॅनेजरनं फोरमनला बाहेर ट्रक आलाय म्हणून पिटाळलं. मी चढले, बसले. मग काठाला हात लावला. गोळ्या काम करत होत्या. मला जमलं असतं. हे मी आजही शपथेवर सांगेन, त्या दिवशी मला जमलं असतं.

पण टबात बसल्यावर नजर बरोबर त्यांच्या पायांवर जात होती. त्यांच्या चपला एक नंबर मोठ्या होत्या, आणि डाव्या चपलेचा पट्टा सुजेला जागा करायला कापलेला होता. माझ्याही बुटांना मी तसंच केलंय, फक्त आतून, कुणाला दिसू नये असं.

मी हात खाली घेतला. "नहीं निकल सकती, अम्मा," मी म्हणाले. "उस दिन झूठ बोला मैंने. उस दिन भी मुझे उठा के निकाला था. इसमें से आप नहीं निकल सकेंगी. मैं भी नहीं."

मॅनेजरचा चेहरा मी बघितला नाही. बाई मात्र एकदम मांडीवर हात मारून हसल्या. "खलास! मालूम था हमको. कैसा चढ़ा तुम, हम देखा ना!" मग मुलाकडे वळून अरबीत काहीतरी झापलं, आणि पुन्हा मला विचारलं, "तो कैसे बैठेगा हम?"

मी त्याच टबात बसून सांगितलं. टब हाच घ्या, थंडीला हाच चांगला. पण अंगणात खड्डा करून अर्धा खाली उतरवा, काठ खुर्चीएवढा उंच राहील एवढा. म्हणजे काठावर आधी बसायचं, मग वळायचं, मग पाय आत. निघताना तसंच उलट. आतही एक उंच बैठक करून घ्या, दोन टप्प्यांत वर यायला. मोटरच्या बाजूला माणूस शिरेल एवढी जागा आणि पाण्याला निचरा ठेवा. दोन्हीकडे दांडा. तो धातूचा नको, हात चिकटेल, लाकडी. आणि एकट्यानं बसायचं नाही. गृहस्थांनी सगळं फोनवर लिहून घेतलं. मग त्यांनी आणि परत आलेल्या फोरमननं मिळून मला बाहेर काढलं. बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता, बराच वेळ.

टब विकला गेला. संध्याकाळी मॅनेजरनं मला आत बोलावलं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान माणूस, वाईट नाही. तो पेनाशी खेळत होता.

"मॅडम, सीढ़ी पे भी कॅमेरा है," तो म्हणाला. "दो साल से देख रहा हूँ मैं."

मी फोरमनला वाचवायला काहीतरी बोलू लागले, तर त्यानं हात वर केला.

"फोरमन का भी मालूम है. काम हो रहा था, तो मैं चुप था. कोई बोलेगा नहीं तो मैं भी क्यों बोलूँ? लेकिन अब आपने बोल दिया. कस्टमर के सामने." त्यानं पेन खाली ठेवलं. "अब मैं क्या करूँ, बताइए."

म्हणजे दोन वर्षं मी जे लपवत होते ते कुणापासून लपलेलंच नव्हतं. सकाळचा तो अर्धा तास, संध्याकाळचा पाऊण तास, ते सर्टिफिकेट. मला रडू आलं ते नोकरीचं नाही. मी किती दमले होते आणि ते किती फुकट होतं, त्याचं आलं.

त्यानं मला एप्रिलअखेरपर्यंतचं काँट्रॅक्ट दिलं. "बेटी का एग्जाम हो जाए," एवढंच म्हणाला. त्यापुढे नाही. त्याला माझ्या मुलीची परीक्षा कधी आहे हेही माहीत होतं. मे महिन्यात आम्ही पुण्याला जाऊ, तिथे काय ते बघू. नवऱ्यानं आतापासून खोकी जमवायला सुरुवात केली आहे.

जानेवारीत गृहस्थांनी एक फोटो पाठवला. सगळीकडे पांढरं, मधे वाफ, वाफेत एक काळा रुमाल आणि त्याखाली मिश्कील तोंड. हात लाकडी दांड्यावर. मी तो फोटो फ्रीजवर लावलाय.

आता मी आठला येते आणि पाचला सगळ्यांबरोबर निघते. जिन्यावर कठडा धरून, आडवी होऊन, दर पायरीला दोन्ही पाय टेकवत उतरते. चौदा पायऱ्यांना बराच वेळ लागतो. मागे सगळं ऑफिस थांबलेलं असतं, कुणी घाई करत नाही, आणि मीही करत नाही.