हेल्मेटवरचा लाल ठिपका

ईशा, निहार, तुम्ही पाठवलेला व्हिडिओ पाहिला. एका मोठ्या ऊर्जा कंपनीचे प्रमुख आपल्या कारकिर्दीबद्दल बोलताहेत. खाली तुम्ही विचारलंत, ‘आजी, हे तुझ्याच कारखान्यातले ना? ओळखतेस?’ ओळखते. फोनवर सांगितलं असतं तर ‘जाऊ दे ना आजी’ म्हणाला असतात. म्हणून लिहिते.

शहराबाहेर, बेटमा गावाच्या रस्त्यावर आमचा क्लोरीनचा कारखाना होता. मी शिफ्ट केमिस्ट. आमच्या वस्तीतून एमएस्सी झालेली पहिली मुलगी. एका दुपारी नमुना घ्यायला रिकामी बाटली घेऊन प्लँटच्या गेटपाशी गेले. तिथे मालकांचा पुतण्या उभा. परदेशातून नुकताच शिकून आलेला. डोक्यावर पाहुण्यांचं पांढरं हेल्मेट.

त्याच्यासोबतचा फोटोग्राफर म्हणाला, “सर, सफेद तो मेहमानोंवाला है. काम करनेवाला लुक नहीं आ रहा. पीला चाहिए.”

पिवळं माझ्या डोक्यावर होतं. आमच्या शिफ्टच्या साहेबांनी हात पुढे केला. “मॅडम, दो मिनिट.”

मी काढून दिलं. पुतण्याने विचारलं, “सरनेम?” सांगितलं.

“अच्छा. कौनसे वाले?” तेही सांगितलं.

मग त्याने खिशातून रुमाल काढला. हेल्मेटच्या आतली घामाची पट्टी पुसली. फिरवून फिरवून. रुमाल जमिनीवर टाकला. हेल्मेट घातलं.

साहेब गेटकडे बघत होते.

“मॅडम, जरा फ्रेम से हटिए.”

हटले. हेल्मेटशिवाय आत जायची मनाई. उन्हात बाटली धरून उभी राहिले. फोटो झाले, हेल्मेट माझ्या हातात परत आलं, पुतण्या गाडीत बसला. गेटच्या आत त्याचं पाऊल पडलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. नमुना उशिरा आला म्हणून साहेबांनी मलाच झापलं.

तुमच्या व्हिडिओत त्यांच्या मागे तोच फोटो आहे. म्हणतात, सुरुवात शॉप फ्लोअरवर, कामगारांमध्ये केली. हेल्मेटवरचा लाल ठिपका दाखवतात. पहिल्या दिवशी आईने कुंकू लावलं म्हणे.

ते माझं नेलपॉलिश आहे. हेल्मेटं सगळी सारखी, अदलाबदल व्हायची. म्हणून प्रत्येक जण आपली खूण करायचा.

परवा त्यांच्या कंपनीची माणसं घरी आली. जुने सहकारी शोधताहेत. एक कॅमेरावाला आणि एक आपली मराठी मुलगी, इथलीच, स्नेहलतागंजची.

“आजी, फक्त दोन लाइन बोलायच्या. की सर तुमच्यासोबत शिफ्टमध्ये होते. बस.”

“कुठली शिफ्ट?”

“म्हणजे?”

“सकाळची, दुपारची, रात्रीची?”

कॅमेरावाला हसला. “अरे आंटीजी, कोई भी बोल दो. कौन पूछ रहा है.”

मी आत गेले, हेल्मेट आणून टेबलावर ठेवलं. नोकरी सोडताना ते मी परत केलं नव्हतं. त्याने फोनवरच्या फोटोशी ठिपका ताडून पाहिला.

“ओरिजनल है! मॅडम, ये तो म्युझियम में लगेगा. सर का पहला हेल्मेट.”

तेव्हा मी उभी राहिले.

“कॅमेरा चालू करा. बोलते मी.”

रुमालापर्यंत सगळं सांगितलं. मराठीत सांगितलं, मग इंग्रजीत सांगितलं. व्हिडिओखालच्या ओळीत भलताच अर्थ छापायला जागा नको. ते दाखवणार नाहीत, हे मला माहीत आहे. कदाचित जिना उतरायच्या आधीच पुसून टाकलं असेल.

दारात ती मुलगी हळूच म्हणाली, “आजी, खरंच आडनावावरून?”

“तुला नोकरी देताना विचारलं होतं का, कुठले म्हणून?”

ती खाली वाकून बराच वेळ सँडलचा पट्टा लावत राहिली.

आता कुणा मोठ्या साहेबाची ओळख वाचली, ‘तळापासून वर आले’ असं दिसलं, की मी पहिल्यांदा विचारते: कुठली शिफ्ट? डोक्यावर हेल्मेट कुणाचं? तुम्हीही विचारा. ईशा, तू त्यांच्या कंपनीत अर्ज करणार आहेस, कर. पण माझी आजी सरांसोबत काम करायची, असं मुलाखतीत म्हणू नकोस. मी त्यांच्यासोबत काम केलेलं नाही. त्यांना हेल्मेट दिलं होतं, एकदा. पुन्हा देणार नाही.

ते आता बाहेरच्या खोलीत खुंटीला टांगलंय. आतली पट्टी तीच आहे. ठिपका अजून लाल आहे.