माझं लग्न झालेलं हाय

"हे लग्न हाय का चौदा एप्रिलची जयंती?"

असं म्हणून विक्रमनं माझ्या लग्नाचा फोटो वर धरला. मागच्या खुर्च्यांना दिसला न्हाई म्हणून उजवीकडं फिरवला, डावीकडं फिरवला. सगळा वर्ग हसला. माझा नवरा मिलिंद बाजूलाच बसला होता. तोबी हसला, थोडंसं, खाली बघून. लोक हसले की आपणबी हसायचं, म्हणजे मार कमी लागतो, हे त्याला लहानपणापासून येतं.

फोटोत मी पांढऱ्या साडीत हाय, मिलिंद पांढऱ्या सदऱ्यात. मागं बुद्धाची मूर्ती, तिच्या शेजारी निळ्या कोटातल्या आमच्या सगळ्यांच्या बापाची तसबीर, मेणबत्त्या, वर निळा झेंडा. समोर भंतेजी. आम्ही हात जोडलेले. गळ्यात फुलांचा हार, दुसरं काही न्हाई. माझ्या वडलांनी जल्मभर लोकाची कपाशी वेचली, पण लेकीचं लग्न आपल्याच पद्धतीनं लावीन म्हणले आणि लावलं. त्या दिवशी मंडपात ते रडले होते. तो फोटो आता या माणसाच्या दोन बोटांत लोंबत होता.

मी नर्स हाय. जालन्यातल्या एका खाजगी दवाखान्यात काम करते. पाळ्या करता करता इंग्रजीची परीक्षा दिली, अमेरिकेची नर्सिंगची परीक्षा दिली. नापास झाले. रडले. परत दिली. अमेरिकेतल्या एका दवाखान्यानं घेतलं. आता एकच दार राह्यलं होतं, मुंबईच्या वकिलातीतली मुलाखत. मी, मिलिंद आणि आमची पोरगी प्रज्ञा, तिघांचा कायमचा व्हिसा माझ्या नावावर. मी पास तर तिघं पास. मी अडखळले तर तिघंबी इथंच.

त्या मुलाखतीची तयारी करून घेणारा हा वर्ग. चालवणारा विक्रम, आमच्याच गावच्या पाटलाचा पोरगा. गाव पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडं. माझी माय त्यांच्या शेतात खुरपायला जायची, लग्नकार्यात त्यांची भांडी घासायची. मला माहीत होतं वर्ग कुणाचा हाय ते. पण जालन्यात दुसरं धड कोण होतं? मी मनाशी म्हणले, जमाना बदलला. आपण पैसे देऊन चाललो, भीक मागायला न्हाई.

आणि पहिल्याच दिवशी दारात माझ्या तोंडून निघालं, "मालक, आत येऊ का?"

सर म्हणायचं ठरवून आल्ते. रिक्षात मनातल्या मनात म्हणूनबी बघितलं होतं. पण माय त्या घराच्या दारात जे म्हणायची तेच जिभेवर आलं. एवढ्या परीक्षा दिल्या, इंग्रजी बोलले, आणि जीभ अजून मायच्या मागं मागं चालून राह्यली होती. विक्रमचा चेहरा खुलला. "अगं, तू गयाबाईची ना? ये, ये. लय पुढं गेलात बाबा तुम्ही लोक." त्या दिवसापासून वर्गात बाकीच्या बायका म्याडम आणि मी गयाबाईची. नाव त्यानं एकदाबी घेतलं न्हाई.

तर फोटोच्या त्या दिवशी तो वकिलातीतला साहेब झाला होता आणि आम्ही एकेक जण त्याच्यासमोर उभे राहून उत्तरं देत होतो. माझ्या आधी एक इंजिनिअर जोडपं उभं राहिलं. त्यांचं कोर्टातलं लग्न. फोटोत दोघं, गळ्यात हार, मागं सरकारी कपाट. होम न्हाई, फेरे न्हाई. विक्रम म्हणला, "वा. साधं आणि सुंदर." मंग माझी पाळी आली.

"फेरे कुठंयत? होम कुठंय? मंगळसूत्र?"

"आमच्यात होम नसतो," मी म्हणले. "मंगळसूत्र काही जणी घालतात. मी घालत न्हाई."

"आमच्यात, तुमच्यात, हे तिकडं चालत न्हाई. त्या साहेबाला इकडलं लग्न कसं असतं ते बराबर ठाऊक असतं. फेरे न्हाई दिसले की खोटं लग्न म्हणून शिक्का. एकटीचा न्हाई, तिघांचा व्हिसा खलास. मंग नेऊन लाव झेंडा कुठं लावायचा तिथं."

परत हसले. इंजिनिअरची बायको सगळ्यात जास्त.

मंग त्यानंच मेहेरबानी केली. भोकरदन रोडला त्यांचं मंगल कार्यालय हाय, तिथं उद्या यायचं. आजच्या लग्नाचं स्टेज तसंच ठेवतो म्हणला. नवी साडी नेसायची, भटजी समोर बसवायचा, होम पेटवायचा, फोटो काढायचे. आणि ते जुने फोटो सोबत न्यायचे न्हाईत. "तो निळा कोट तर बिलकुल न्यायचा न्हाई," तो म्हणला. "उगा प्रश्न कशाला वाढवायचे."

घरी आल्यावर मी मिलिंदला म्हणले, माझं मन घेत न्हाई. तो स्टीलच्या कारखान्यात भट्टीवर काम करतो, हाताला चटके असतात कायम. तो म्हणला, "मनाचं काय घेऊन बसलीस? अडला हरी गाढवाचे पाय धरी. एक फोटो काढायचा, पोरीचं आयुष्य मार्गी लागतंय. अपमान काय आपल्याला नवा हाय का?" त्याचं काही खोटं न्हव्हतं. प्रज्ञाच्या शाळेत कुणी तिच्या डब्याला हात लावत न्हाई, हे तिनं मागच्याच महिन्यात सांगितलं होतं. तिला इथून काढायचं, एवढं एकच आम्ही दोघं बघत होतो. मी गप गुमान लाल साडी इस्त्री केली.

सकाळी आम्ही कार्यालयात गेलो. आदल्या दिवशीच्या लग्नाची घाण तशीच पडलेली. पत्रावळ्यांचा ढीग, त्यावर कुत्री. स्टेजवर अक्षता, चुरगळलेली फुलं. विक्रमनं फोटोवाला आणला होता. भटजी न्हव्हता.

"भटजी कुठंय?" मिलिंदनं विचारलं.

"त्याला म्हणलं फोटोपुरतंच हाय, यायला तयार झाला. मंग विचारतो, कुणाचं हाय? सांगितलं. तर त्याला एकदम काम निघालं." विक्रम हसत हसत सांगत होता. एखाद्या गमतीसारखं. "काळजी नको. आचाऱ्याला उपरणं देतो. फोटोत काय कळतंय."

आचारी उघडाच आला, खांद्यावर उपरणं, पोटाला कालचं तेल. होमापाशी बसला आणि बिडी बाजूला विझवली. खोटं लग्न, खोटा भटजी. आणि त्या खोट्या लग्नालाबी खरा भटजी आमच्यासाठी आला न्हाई. मला तिथंच उठून जायला पाहिजे होतं. मी उठले न्हाई. पदर नीट केला आणि पाटावर बसले. मिलिंद शेजारी बसला. त्याच्या डोक्याला कुणाचा तरी कालचा फेटा.

फोटोवाला म्हणला, मंगळसूत्र न्हाई का? विक्रमनं आईला आवाज दिला. पाटलीणबाई तिथंच मागच्या खोलीत होत्या.

पाटलीणबाईला मी चांगली ओळखते. मागच्या वर्षी त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आमच्याच दवाखान्यात ऑपरेशन झालं. माझ्याच वॉर्डात होत्या. त्यांचं हगणंमुतणं मी काढलं. पाठीला जखम होऊ नये म्हणून कुशीवर मी वळवायची. सुना यायच्या, दारातून बघून जायच्या. दुखणं उठलं की म्हातारी माझा हात घट्ट धरायची. "लेकी, सोडू नको गं," म्हणायची. माझ्या हातानं पाणी पेली, माझ्या हातानं पेज खाल्ली. घरी जाताना माझ्या गालावरून हात फिरवला. मी मायला फोन करून सांगितलं, पाटलीणबाई बदलल्या. माय नुसती हं म्हणली.

त्या काठी टेकत आल्या. मला बघून ओळखीचं हसल्या. विक्रम म्हणला, "आई, तुझं मंगळसूत्र दे दोन मिनिटं. खऱ्याचा फोटो चांगला येतो."

त्यांनी गळ्यावर हात ठेवला. "महं न्हाई देणार. सुनेचं ते बाजारातलं हाय, ते देते." आत गेल्या, घेऊन आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी दोन्ही हात पुढं केले. त्यांनी हात वर उचलला. चांगला हातभर वर. आणि वरून सोडायला बोटं उघडली.

तेवढ्या वेळात मला सगळं दिसलं. माझ्या मायचा पदर दिसला, त्यात वरून पडणारी भाकर दिसली. माझी आजी वाकलेली दिसली. आणि त्या रांगेत शेवटी मी, परीक्षा पास झालेली, हात पसरून.

मी हात मागं घेतले.

मंगळसूत्र खाली पडलं, अक्षतांत.

"अगं, धरायचं न्हाई का?" पाटलीणबाई म्हणल्या. रागानं न्हाई. लेकराला म्हणावं तसं. "आणि फोटो झाला की तिथं वट्यावर ठेव. हातात देऊ नको."

मी म्हणले, "बाई, दवाखान्यात माझा हात सोडत न्हव्हत्या तुम्ही."

त्या म्हणल्या, "तिथं नाइलाज व्हता."

एवढंच. त्यांच्या चेहऱ्यावर काही आलं न्हाई, लाज न्हाई, राग न्हाई. खरं तेच सांगत होत्या. आणि मला पहिल्यांदा त्या म्हातारीचे उपकार वाटले. तिच्या पोरासारखं तिनं गोड बोलून फसवलं न्हाई. जे हाय ते तोंडावर सांगितलं. आणि त्याच क्षणी माझ्या ध्यानात आलं, त्या इंजिनिअर जोडप्याच्या फोटोतबी होम न्हव्हता. त्यांना साधं आणि सुंदर. होमाचा प्रश्नच न्हव्हता. आम्ही आमच्या पद्धतीनं लग्न लावलं, ते याच्या डोळ्यात सलत होतं.

विक्रम म्हणला, "उचल ते. जल्दी कर, ऊन बदलायलंय."

"तुमचं हाय," मी म्हणले. "तुम्ही उचला."

आचारीबी बघत राह्यला.

"नाटकं करू नको. तुला व्हिसा पाहिजे का न्हाई? लग्न दाखवायचं का न्हाई?"

"माझं लग्न झालेलं हाय. मह्या बापानं लावलंय. परत कशाला लावू?"

"मंग बस इथंच, धुणंपुसणं करत. गयाबाईची ती गयाबाईचीच राहणार."

"गयाबाईचीच हाय मी," मी म्हणले. "आणि तुझ्या मायची घाण मी काढली. तू दारातबी उभा राहिला न्हाईस."

तू म्हणले. त्या घराला आमच्या घराण्यात कुणी तू म्हणलं न्हव्हतं. मिलिंदच्या डोक्यावरचा फेटा मी काढला, पाटावर ठेवला आणि चालायला लागले.

मिलिंद मागून मोटारसायकल घेऊन आला. घरी आल्यावर बोलला. "एका फोटोसाठी पोरीचं वाटोळं केलंस. तुला मान पाहिजे. मला माझी पोरगी बाहेर पाहिजे." मी स्वयंपाक केला, तो जेवला न्हाई. मुंबईला जाईपर्यंत आमचं कामापुरतं बोलणं. मलाबी भ्या वाटत होतं, खोटं कशाला बोलू. रोज वाटायचं, विक्रम खरं बोलला असंल तर? तरी पाकिटात मी तेच फोटो भरले. पांढरी साडी, निळा कोट, झेंडा, सगळं.

वकिलातीत खिडकीसमोर उजवा हात वर करायला लावला. खरं बोलेन अशी शपथ. त्या साहेबानं मला विचारलं, कुठल्या वॉर्डात काम केलं, तिकडं कुठल्या दवाखान्यात जाणार. मिलिंदला विचारलं, लग्नाला किती वर्षं झाली. प्रज्ञाला विचारलं, कितवीत हायस. मंग म्हणला, व्हिसा मंजूर.

फोटो मागितलेच न्हाई. पाकीट उघडलंसुद्धा न्हाई.

बाहेर फुटपाथवर मिलिंद खाली बसला आणि रडला. म्हणला, "मी त्या फेट्यात बसलो होतो. कशासाठी बसलो होतो?" मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याला माफ करायचं काही न्हव्हतं. त्या पाटावर मीबी बसले होते.

दुसऱ्या दिवशी व्हिसाची बातमी कळल्यावर विक्रमनं वर्गाच्या फॉर्मावरचा माझा फोटो मोबाइलवर सगळ्यांना पाठवला. खाली लिहिलं, आमच्या गावची लेक, आमच्या वर्गाची विद्यार्थिनी. गावात त्या लेकीचं घर कुठल्या बाजूला हाय ते लिहिलं न्हाई.

मला वाटलं होतं, आता सुटलो. इथलं इथं राहील. पण जायच्या आधीच तिकडून फोन आला. त्या शहरातलं एक मराठी कुटुंब, कुणाकुणाच्या ओळखीतनं मिलिंदनं गाठलेलं. विमानतळावर घ्यायला येणार होते, घर मिळेपर्यंत तळमजल्यातली खोली देणार होते. मिलिंदनं त्यांना आडनाव सांगितलं होतं टेंभुर्णीकर. त्याचं गाव टेंभुर्णी, पण आडनाव ते न्हाई. आडनावावरून आमची वस्ती कळते म्हणून.

ती बाई गोड बोलत होती. किती थंडी असते, काय काय आणा, गणपतीला सगळे कसे जमतात. मंग सहज म्हणली, "टेंभुर्णीकर म्हणजे नक्की कोणातले हो तुम्ही?"

मिलिंद समोरून हातानं खूण करत होता. गप. गप राहा.

मी म्हणले, "टेंभुर्णीकर न्हाई. साळवे. आम्ही बौद्ध. आधी गावात आम्हाला महार म्हणायचे."

मंग ती बाई म्हणली, "हो का. बरं. खोलीचं मी ह्यांना विचारून कळवते हं."

कळवलं न्हाई. मिलिंदनं दोनदा फोन केला, कुणी उचलला न्हाई. तिकिटं निघालेली, बॅगा भरलेल्या, आणि उतरल्यावर जायचं कुठं ते ठाऊक न्हाई. तो म्हणला, "निदान खोली तरी मिळू द्यायची होती. मंग सांगायचं होतं."

"मंग रोज भेत राहिलो असतो," मी म्हणले. "त्यांच्याच घरात, त्यांच्याच ताटात. इथल्यापेक्षा वाईट."

जाणार तर हायेच. दवाखान्यातली नोकरी माझी हाय, ती कुणाच्या खोलीवर अवलंबून न्हाई. पहिले दिवस हॉटेलात काढू, महाग पडंल, पडू दे. प्रज्ञाला जवळ बसवलं आणि सांगितलं. तिकडं गेल्यावर इंग्रजी शीक, गाडी शीक, काय शिकायचं ते शीक. पण आपण कोण, हे कुणी विचारायच्या आधी सांगायचं. सांगून झालं की समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं. मान खाली घालायची न्हाई. त्या तोंडावर काय येतं ते नीट बघायचं आणि जल्मभर ध्यानात ठेवायचं.