गोदामावशींचा हिरवा रंग

कॉम्प्युटरवर शेताचा फोटो उघडला, की गोदामावशी आधी विचारायच्या, "येऊ का रानात?" उत्तर येणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी क्षणभर थांबायच्या आणि मगच माउसला हात लावायच्या.

यवतमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात तण काढणाऱ्या यंत्राला शेत ओळखायला शिकवण्याचं काम चाले. फोटोतलं पीक हिरवं रंगवायचं, माती तपकिरी, उरेल ते तण, म्हणजे लाल. मावशींचा जन्म खुटबावात खुरपण्यात गेलेला. गुडघ्यांनी दगा दिला आणि रोजानं जाणं थांबलं. बसून करता येईल असं एवढंच काम त्यांना मिळालं होतं. तेही त्या पदर खोचून करत. आमची इंजिनिअर पोरं कांदा कुठला आणि लव्हाळा कुठला यात अडकली, की त्या जागेवरूनच ओरडत, "लव्हाळा चकाकतुय. कांद्याची पात राख फासल्यागत असती. डोळं हायत का बटनं?" म्हणून मी त्यांचं काम कधी तपासलं नाही. खरं तर आळस केला.

चाचणी खुटबावलाच ठेवली. पुण्याहून कंपनीचे साहेब आले. यंत्र कांद्यात शिरलं, लव्हाळा खुरपून काढला आणि तांदुळजापाशी येऊन थबकलं. मग अदबीनं वळसा घालून पुढं गेलं. चिगळीलाही तोच मान. मी बांधावर बसलेल्या मावशींकडे वळलो.

"मावशी, हे तण तुम्ही हिरवं केलंत?"

"मग? जे पोटात जातंय, त्याला तण कुठल्या तोंडानं म्हनू?"

वर त्यांनी ओटीभर तांदुळजा खुडला, शेजारच्या वस्तीवर जाऊन तव्यात परतला आणि साहेबांना भाकरीबरोबर वाढला. साहेबांनी दोनदा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच साहेबांचा मेल आला. बाईंना काढा, त्यांचे सगळे फोटो पुन्हा रंगवा.

मावशींना सांगताना माझी मान वर होत नव्हती.

"म्हंजी मी शिकवल्यालं पुसनार व्हय?"

"पुसावं लागणार, मावशी."

"पुस बाबा. खुरपलेलं रान तरी कुठं तसंच ऱ्हातंय?" म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

मग मीच रंगवत बसलो. तांदुळजा लाल, चिगळ लाल. एका फोटोच्या कोपऱ्यात खुरपणाऱ्या कुणा बाईचा हात आला होता. पीक नाही, माती नाही, म्हणजे नियमानं तण. मावशींनी तो बांगड्यांसकट हिरवा केला होता.

तो मी तसाच ठेवला. साहेबांना कळलं तर मलाही काढतील. काढू देत.