माळशेजवर थांबलेलं विमान

भूत, भगत, अंगारे-धुपारे यांना आमच्या घरात कधीच थारा नव्हता. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं उंबऱ्याबाहेर टाकलं. त्यातून मी मुरबाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू उचलून, वर्गात त्याचं सरबत करून पिऊन दाखवलेली बाई आहे मी... त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. अप्पा होते तोवर लिहिलं नाही. गेल्या दिवाळीत तेही गेले. आता कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा.

आमचं घर सापगावला, शहापूरजवळ. घरात तिघंच – अप्पा, मोठा भाऊ विलासदादा आणि मी. आई लवकर गेली. अप्पा एसटीत कंडक्टर होते, बरीचशी नोकरी मुरबाडवरून माळशेज घाटातून जाणाऱ्या गाड्यांवर झाली. दादा वायरमन. त्याला पायलट व्हायचं होतं. हवाई दलाच्या भरतीत चष्म्यावरून परत पाठवला, तेव्हा तो घरी आला, हातपाय धुऊन जेवला आणि नंतर कधी तो विषय काढला नाही. आम्हाला वाटलं, विसरला.

विसरतोय कसला! २००२ साली त्याने असेंबल केलेला कॉम्प्युटर आणला, त्यात विमान उडवायचा प्रोग्राम टाकला आणि भात ठेवायच्या खोलीत चक्क कॉकपिट बांधायला घेतलं. तीन वर्षं ते काम चाललं. प्लायवूडचं पॅनेल, भंगारातून आणलेल्या बसच्या दोन सीट – एक पुढे, एक मागे – जुन्या स्विचबोर्डांची बटणं, इंजिनाच्या जोरासाठी पिठाच्या गिरणीतला एक दांडा. माझं अक्षर बरं, म्हणून बटणांखाली 'चाकं', 'दिवे', 'ब्रेक' असं मी लिहिलं. भाताची पोती ओटीवर आणि विमान घरात, असा आमचा संसार. गावातले लोक चहाच्या निमित्ताने बघायला यायचे आणि दादाला विचारायचे, सापगावला हॉल्ट आहे का?

अप्पा सुरुवातीला नाक मुरडायचे. एक दिवस मात्र येऊन मागच्या सीटवर बसले. दादा विमान सोडणार, तोच म्हणाले, "थांब. बेल दिली का कुणी?"

एसटीचा नियम तुम्हाला माहीत असेलच. डबल बेल मिळाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, सिंगल बेल म्हणजे थांब. दारात कोण लटकलंय, कोण उतरतंय, हे ड्रायव्हरला दिसत नाही, कंडक्टरला दिसतं. दुसऱ्याच दिवशी अप्पांनी कुठून तरी पितळी घंटा आणून छताला लावली आणि दोरी मागच्या सीटवर सोडली. मग रोजचंच झालं. अप्पांची डबल बेल आली की विमान सुटायचं, उतरलं की अप्पा एक टोल द्यायचे. दादाने त्या दोरीला कधी हात लावला नाही. ते ड्रायव्हरचं काम नव्हे, म्हणायचा. लोडशेडिंगमुळे अर्ध्यात लाइट जायची, म्हणून निघताना टाइम बघायचा आणि नाहीच जमलं तर विमान हवेतच सेव्ह करून ठेवायचा.

२००६च्या फेब्रुवारीत एका सकाळी तो मुंबईहून औरंगाबादला निघाला होता. मध्येच कामाचा फोन आला. "माळशेजवर आहे अप्पा, संध्याकाळी येऊन उतरवतो," एवढं बोलून तो गेला.

लाइन बंद आहे असं त्याला सांगितलं होतं. तो खांबावर असतानाच कुणीतरी ती चालू केली.

अप्पा रडले नाहीत. दादाला घरी आणलं तेव्हा उशाशी बसून एकदाच बोलले, "डबल बेल नसताना गाडी सोडली रे." पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, तरी डोळ्यांत पाणी नाही. मग रोज संध्याकाळी मला विचारायला लागले – विमान कुठं पोचलं गो, बाय? मी सांगायचे, अप्पा, ते खरं नाही, कॉम्प्युटरमधलं आहे. त्यांना ते कळत नव्हतं असं नाही. पण म्हणायचे, "घाटात उभी हाय ना? गाडी घाटात टाकून कंडक्टर घरी येत नाय." त्या खोलीत पाऊल टाकायचे नाहीत. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. शहापूरच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. एक गेला होता, आता दुसराही माझ्या डोळ्यांसमोर चालला होता आणि मला काही करता येत नव्हतं.

म्हणून मीच ते विमान उतरवायचं ठरवलं. दादाने त्या सकाळी सेव्ह केलेली 'माळशेज' नावाची फाइल उघडली की विमान हवेत, खाली तपकिरी डोंगर. पाच रविवार बसले. दर वेळी कुठल्या ना कुठल्या डोंगरावर आपटले. मुलांना गतीचे नियम शिकवणारी मी, मला ते सरळसुद्धा ठेवता येईना. सेव्ह काहीच केलं नाही. अप्पांना सांगायचे, शिकतेय.

मे महिन्यातला रविवार. बारा ते चार लाइट नव्हती. अप्पा ओटीवर खाटेवर झोपलेले, मी तिथेच समोर तांदूळ निवडत बसलेले. आणि आतल्या खोलीतून टोल आला... टण्. एकच.

मी उठले. खोलीला बाहेरून कडी. आत खिडकी बंद, कॉम्प्युटर बंद, दोरी सरळ लटकत होती. मांजर शोधलं, उंदीर शोधला. ती घंटा हिसका दिल्याशिवाय वाजत नाही, तेही करून पाहिलं... नुसत्या धक्क्याने वाजली नाही. चारला लाइट आली तेव्हा मी 'माळशेज' उघडली.

विमान औरंगाबादच्या धावपट्टीवर उभं होतं. इंजिन बंद, ब्रेक लावलेला.

कॉम्प्युटरवाल्याला बोलावून फाइल दाखवली. त्याने सांगितलं, दादा गेला त्या सकाळनंतर ती कुणी सेव्ह केलेली नाही, तिच्यात काहीच बदललेलं नाही. मग पाच रविवार मी कुठलं विमान आपटत होते? मुलांना मी सांगते, प्रत्येक गोष्टीला कारण असतं, शोधा. तीन वर्षं शोधतेय. मला सापडलेलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी वाद घालणार नाही.

एक गोष्ट मागे राहिली. त्या दुपारी मी स्क्रीनकडे बघत बसले होते तेव्हा दारात अप्पा उभे होते. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा ते आत आले. मागच्या सीटवर बसले, दोरी हातात धरली, ओढली नाही. बेल त्यांनीही ऐकली होती. मी म्हटलं, अप्पा, तुम्ही तर ओटीवर होतात, मग दिली कुणी?

त्यांनी स्क्रीनवरच्या त्या उभ्या विमानाकडे बघितलं.

"मी मागं नव्हतो ना, बाय," ते म्हणाले. "त्याला सोताच द्यायला लागली."

आणि मग अप्पा रडले. मी त्यांच्या पायाशी बसले आणि अंधार पडेपर्यंत त्यांना रडू दिलं.