सातवा रकाना

रंगमंचावर मी चाळीस वर्षांत अकरा सूड घेतले. सुरीने, विषाने, एकदा तर उकळत्या तेलाने. प्रेक्षक शहारायचे, पडदा पडला की आम्ही सगळे, मारणारे आणि मेलेले, एकत्र जेवायचो. खरा सूड मी पाहिला तो आमच्या ला सेरेना गावात, वेधशाळेच्या कचेरीत, दुपारी साडेचार वाजता. तो घेणाऱ्या बाईच्या हातात फक्त एक रबरी शिक्का होता.

एदेल्मिरा ताबिलो माझी शेजारीण. वेधशाळा वर डोंगरावर, कचेरी खाली गावात, आणि त्या कचेरीत ती सत्तावीस वर्षं संचालकांची चिटणीस होती. दुर्बीण एक आणि मागणारे जगभरचे, म्हणून रात्री सहा-सहा महिने आधी वाटल्या जात. पण आकाश कुणाचं वेळापत्रक पाळत नाही. अचानक काही घडलं तर दुसऱ्याच्या रात्रीतले तास तातडीने मागता येत. त्यासाठी अर्जदाराने स्वतःच्या अक्षरात अर्ज भरून पाचच्या आत एदेल्मिराच्या टेबलावर आणून द्यायचा. तिचा शिक्का बसल्याशिवाय कागद संचालकांकडे जात नसे.

तिचा धाकटा भाऊ नोल्बेर्तो त्याच दुर्बिणीचा चालक होता. अठ्ठ्याहत्तर साली सान्तियागोहून खगोलशास्त्रज्ञ डॉक्टर अल्दुनाते निरीक्षणाला आले, त्या रात्री वारा मर्यादेबाहेर गेला. नोल्बेर्तो म्हणाला घुमट बंद करू, डॉक्टर म्हणाले उघडाच राहू दे. आरशावर वाळू बसली, दुर्बीण चार महिने बंद. चौकशीत डॉक्टरांनी लिहून दिलं की चालक झोपला होता. चालकाने रोज भरायच्या रात्रवहीतलं त्या रात्रीचं पान कुणीतरी फाडलेलं होतं. लष्करी राजवटीच्या त्या दिवसांत वरच्यांना उलट बोलणारा माणूस नोकरीच काय, कधीकधी गावही गमवायचा. नोकरी गेलेला नोल्बेर्तो उलट न बोलता घरी आला.

आमच्या गल्लीने त्याचं नाव ठेवलं ‘झोपाळू’. नाव ठेवलं तेओफिलो न्हाव्याने, आणि हसलो आम्ही सगळे. मीही. नोल्बेर्तो हमरस्त्यावर पपया विकत बसायचा, गाड्यांतली पोरं ओरडून जायची. सहा वर्षांत तो वारला.

पुढे तीन वर्षांनी कचेरीतली जुनी कपाटं हलवताना एदेल्मिराला रात्रवहीच्या पिवळ्या नकला सापडल्या. कार्बनखालची प्रत दर आठवड्याला खाली यायची, हे फाडणाऱ्याला ठाऊक नव्हतं. त्या रात्रीच्या पानावर भावाचं अक्षर होतं: ‘वारा मर्यादेबाहेर. बंद करण्याची विनंती दोनदा केली. डॉक्टरांनी नकार दिला.’ तेव्हाच्या संचालकांनी ते पान वाचलं आणि म्हणाले, प्रकरण मिटलंय. तक्रार करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने वेगळं लिहून दिलं तरच उघडेल.

डॉक्टर तोवर फार मोठे झाले होते. त्यांचे नेहमीचे अर्ज त्यांचे शिष्य भरायचे. म्हणून एदेल्मिरा एखादा तारा फुटायची वाट पाहत बसली. नऊ वर्षं.

शहाण्णवच्या ऑक्टोबरात तो फुटला. योगायोगाने डॉक्टर परिषदेसाठी ला सेरेनातच होते. आम्हा दोघींचा बाहेर चहा घ्यायचा बेत होता, म्हणून मी कचेरीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. डॉक्टर भरलेला अर्ज घेऊन धापा टाकत आत आले. शेजारच्या दीर्घिकेत तारा फुटला होता, त्याचा पहिला प्रकाश आजच धरायला हवा होता, आणि समुद्रापलीकडची मंडळीही त्याच ताऱ्याच्या मागे लागली होती. एदेल्मिराने त्यांना पाणी दिलं, अर्ज वाचला आणि परत त्यांच्यासमोर ठेवला.

“सातवा रकाना, डॉक्टर.”

सातवा रकाना असा: या दुर्बिणीचं यापूर्वी तुमच्यामुळे काही नुकसान झालं आहे काय? सगळे तिथे ‘नाही’ लिहितात. त्यांनीही लिहिलं होतं. एदेल्मिराने पिवळं पान अर्जाशेजारी ठेवलं. खोटा आहे हे माहीत असलेला अर्ज मला घेता येत नाही, असं ती म्हणाली, अगदी बस चुकल्याचं सांगावं तशा आवाजात.

डॉक्टरांनी पान वाचलं. मानेपर्यंत लाल झाले. म्हणाले, संचालकांशी बोलतो. ती म्हणाली, जरूर, पण ते कागदाशिवाय बोलत नाहीत. घड्याळात पाच वाजायला बावीस मिनिटं होती.

“बाई, अठरा वर्षं झाली त्याला. आता काय त्याचं?”

“तुमचा तारा किती वर्षांपूर्वी फुटला, डॉक्टर?”

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

“लाखो, ना? ती शिळी बातमी घेऊन तुम्ही धावत आलात. माझी तर त्यामानाने ताजी आहे.”

मग त्यांनी गयावया केली. माझा भाऊ तुम्हाला आठवतो का, असं तिने विचारलं. ते हो म्हणाले. नाव सांगा म्हणाली. त्यांना नाव आठवेना. तिथे मला वाटलं ती ओरडेल. मी असते तर ओरडले असते, शेवटच्या रांगेपर्यंत. तिने नुसतं पेनाचं टोपण काढून पेन त्यांच्यापुढे धरलं आणि एकेक अक्षर सांगितलं. नोल्बेर्तो ताबिलो.

त्यांनी चार ओळी लिहिल्या.

“झालं समाधान?”

“तारीख राहिली.”

चार वाजून एक्कावन्न मिनिटांचा शिक्का बसला. संचालकांनी चार ओळी दोनदा वाचल्या आणि दोन तास मंजूर केले. ताऱ्याशी एदेल्मिराचं भांडण नव्हतं. डॉक्टरांनी त्यावर मोठा निबंध लिहिला म्हणतात. वेधशाळेतल्या कुणीही पुन्हा त्यांच्याशी कामापलीकडे शब्द बोललं नाही.

प्रकरण उघडलं. सहाव्या आठवड्यात नोल्बेर्तोच्या नावापुढचा शेरा खोडल्याचं पत्र आलं, सोबत त्या चार ओळींची नक्कल. मला वाटलं, संपलं. मी तिला मिठी मारायला गेले तर तिने कागद माझ्या हातात दिला.

“तुझा आवाज लांब जातो. चल.”

रविवार होता, सगळे घरात होते. गल्लीत अकरा घरं. प्रत्येक दारात ती कडी वाजवायची, माणसं बाहेर यायची आणि मी वाचायचे: “चालक नोल्बेर्तो ताबिलो जागा होता. घुमट बंद करण्यास त्याने दोनदा सांगितले. मी ऐकले नाही. नंतर मी खोटे लिहून दिले.” कुणी छातीवर क्रूसाची खूण केली, कुणी खाली पाहिलं. कुणी आत या म्हणालं की ती म्हणायची, नको. माझ्या स्वतःच्या दारातही तिने मला वाचायला लावलं. माझ्यासमोर उभी राहून, माझ्या डोळ्यांत बघत. इतक्या कठीण प्रेक्षकापुढे मी कधी उभी राहिले नव्हते.

शेवटचं घर तेओफिलोचं. म्हातारा दारात आला, त्याने ऐकलं, टोपी काढली. माफी मागू लागला.

एदेल्मिराने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

“परत वाच,” ती मला म्हणाली. “पहिल्यापासून. आणि सावकाश, याला कमी ऐकू येतं.”