अलकाताईंची गाडी मानेसरला नेली तेव्हा

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमच्या खालच्या मजल्यावर अलकनंदा टिपणीस राहायच्या. आम्ही त्यांना अलकाताई म्हणायचो. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय लुळे पडले. कुबड्या घेऊन दिल्लीला नोकरीला आल्या आणि छत्तीस वर्षं मंत्रालयात काढली. लग्न केलं नाही. कुणी हात धरायला पुढे झालं की त्या म्हणायच्या, "अच्छा, दार तेवढं धर. बाकी माझं मी बघते."

हे शक्य होतं त्यांच्या छोट्या चंदेरी गाडीमुळे. तिचा क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर सगळं हातानं चालायचं. स्टिअरिंगखालून दांडे बसवलेले होते, त्यामुळे दुसऱ्या कुणाचे पाय तिथं धड मावतही नसत.

निवृत्तीच्या वर्षीच गाडीला पंधरा वर्षं झाली. दिल्लीत ती रस्त्यावर दिसली की जप्त होऊन भंगारात जाणार. ताई नाशिकला कायमच्या जायला निघाल्या होत्या, म्हणून त्यांनी गाडी तिकडे न्यायची परवानगी काढली. चार महिने खेटे घातले तेव्हा कागद मिळाला. गाडी रवाना करायची त्याची मुदत संपायला आता तीनच दिवस उरले होते. हरियाणातल्या मानेसरच्या एका यार्डातून गाड्या वाहून नेणारा मोठा ट्रक दुपारी दोनला निघणार होता. तिथपर्यंत गाडी चालवत नेता येत नव्हती, म्हणून ताईंनी ट्रेलर भाड्यानं आणला. जीपला जोडलेला, दोन चाकांचा. चालक सतबीर. ताईही जीपमधूनच येणार होत्या, सोबतीला मी, वरच्या मजल्यावरची सुहास.

सकाळी गाडी चढवताना ताई म्हणाल्या, "मैं चढ़ा दूँगी."

सतबीरनं कुबड्यांकडे पाहिलं. "आप रहने दीजिए मैडम, हम धक्का लगा लेंगे."

कॉलनीतल्या चौघांनी जोर लावला. मागची चाकं ट्रेलरच्या काठाशी आली आणि सगळे थकले.

"थोड़ा और आगे चाहिए. पीछे वज़न ज़्यादा है," ताई म्हणाल्या.

"रोज़ का काम है, मैडम."

त्यानं मागच्या दोन चाकांना पट्टे आवळले, पुढे एक साधा दोर बांधला. घड्याळ पाहून ताई जीपमध्ये जाऊन बसल्या. त्यांनी असं ऐकून घेतलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

गुरुग्राम ओलांडल्यावर वेग वाढला आणि जीप मागून कुणीतरी हिसडल्यासारखी हलायला लागली. आरशात पाहिलं तर ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे झोके खात होता. शेजारच्या ट्रकनं कर्कश हॉर्न दिला. सतबीरचा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक मत मारो!" ताई ओरडल्या. "सिर्फ़ रेस छोड़ो. स्टिअरिंग सीधा."

वेग हळूहळू उतरला, झोके थांबले. रस्त्याच्या कडेला उभे राहिलो तेव्हा पुढचा दोर तुटून लोंबत होता. सतबीरचा चेहरा पांढरा पडला होता. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. गाडी पुढे सरकवायला पट्टे सैल करून त्यानं आणि मी धक्का दिला; ती तसूभर हलली नाही, तसे त्यानं पट्टे पुन्हा आवळले. जाणाऱ्या गाड्यांना हात केले, कुणी थांबलं नाही. तो आत बसायला गेला, तर गुडघा दांड्यांत अडकला.

ताई जीपमधून उतरल्या. ट्रेलरच्या काठावर बसल्या, कुबड्या माझ्या हातात दिल्या आणि हातांवर जोर देत, बसल्या बसल्या, तापलेल्या पत्र्यावरून मागे सरकत निघाल्या. साडी फाटली. तळहात भाजत असणार. शेजारून ट्रक गेला की सगळा ट्रेलर थरथरायचा. मी रडत होते.

"सुहास, रडू नकोस. दार धर."

ट्रेलरच्या चाकावरचा पत्रा आड येत होता, दार अर्धंच उघडलं. त्या फटीतून त्यांनी आधी अंग आत घातलं, मग एकेक पाय हातानं उचलून ओढून घेतला. मी बाजूला झाले, तेव्हा सतबीरनं मागचे पट्टे सोडले. इंजिन सुरू झालं. क्लच जरा जास्त सुटला असता तर गाडी थेट जीपच्या पाठीत गेली असती. एक वीत. थांबल्या. अजून एक वीत. मग हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली आणि सांगायला लागल्या. चारही चाकांना पट्टे, चाकांपुढे-मागे लाकडी ठोकळे, दोराला हातही लावायचा नाही. सतबीर तसं करत गेला, आणि ताई आल्या तशाच सरकत जीपमध्ये परतल्या. चार किलोमीटरवर ताईंनी जीप थांबवून पट्टे पुन्हा आवळायला लावले.

यार्डात पोचलो तेव्हा दोन वाजून पंचवीस मिनिटं. ट्रक फाटकात उभा होता. मुकादम म्हणाला, "लिस्ट बंद. अगली गाड़ी दस दिन बाद."

ताई मागे वळल्या. जीपच्या पायरीवर बसल्या, चेहरा पदरात घेतला. खांदे हलत होते. "दहा दिवसांनी हा कागद रद्दी होईल गं," त्या म्हणाल्या. "मग मी तिकडे खिडकीत बसून राहायचं. बास."

सतबीर मुकादमापाशी गेला. "देर मेरी वजह से हुई है. मैडम की नहीं." तो बराच वेळ बोलत राहिला, हात जोडले. शेवटी मुकादम एका अटीवर तयार झाला: हातानं चालवायच्या सामानाची जबाबदारी यार्डाची नाही. ताईंनी न वाचता सही केली. गाडी दोरखंडानं वर ओढून घेतली गेली. दांड्यांवर काहीतरी घासल्याचा आवाज आला आणि ताईंनी डोळे मिटले.

बारा दिवसांनी गाडी नाशिकला पोचली. क्लचचा दांडा वाकला होता. तसं काम करणारा कारागीर शोधण्यात दीड महिना गेला. त्या दिवसांत फोन केला की ताई एवढंच म्हणायच्या, "घरात आहे." पुढे बोलत नसत. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला, मागे रहदारीचा आवाज होता. "पंचवटीत आलेय. पार्किंग मिळत नाहीये," त्या वैतागून म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.