छापून न आलेला चहा

वसंता गेल्याचं त्या सकाळी लोकल रेडिओने सगळ्या गावाला सांगितलं. इथे आयर्लंडमधल्या किलकेनीत सकाळच्या बातम्यांनंतर गेलेल्यांची नावं वाचतात. दोन नावांच्या मध्ये त्याचं नाव आलं, इतरांइतकंच सावकाश वाचलेलं. निवडणुकीच्या वेळी याच रेडिओने आपल्याला बोलायला पुरेसा वेळ दिला नाही म्हणून त्याने केवढा थयथयाट केला होता... मला हसू आलं, आणि मग रेडिओ बंद करावा लागला. त्याला आता सहा आठवडे झाले. परवा अनिकाने फोनवर विचारलं, "आजी, नेटवर मामाआजोबांचं नाव टाकलं की ती चहाचीच बातमी येते. ते खरंच असे होते?" मुलांनो, हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून नीट लिहिते आहे.

वसंता माझा धाकटा भाऊ. नोकरीसाठी पुण्याहून इथे आला तो निवृत्तीनंतरही इथेच राहिला. तुमचे आजोबा गेल्यावर मीही त्याच्याकडे आले. हॉस्पिटलजवळच्या बस स्टॉपला छप्पर नाही, म्हातारी माणसं भिजतात, एवढ्यासाठी हा कौन्सिलच्या निवडणुकीला अपक्ष उभा राहिला. पहिल्याच आठवड्यात मी विणलेला निळा-पिवळा मफलर गुंडाळून हर्लिंगची, म्हणजे इथल्या लाडक्या काठी-चेंडूच्या खेळाची, मॅच बघायला गेला. ते रंग शेजारच्या काउंटीचे, म्हणजे इथल्या लोकांच्या हाडवैऱ्यांचे! साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर फोटो. "मफलर तुझा, बदनामी माझी," एवढंच म्हणाला.

मग आमच्या मागच्या रस्त्यावर राहणारा टॉम वारला. इथे गेलेल्या माणसाला घरी ठेवतात. लोक रांगेने येतात, घरच्यांशी हात मिळवतात आणि मग स्वयंपाकघरात चहा-सँडविच घेऊन बसतात. एरवी कोणी गेलं की वसंता चर्चमधल्या प्रार्थनेला जाऊन तिथूनच परतत असे, अशा घरात तो पहिल्यांदाच गेला. टॉमच्या बायकोने, ब्रीडाने, स्वतः चहा पुढे केला. याने हात जोडून नको म्हटलं आणि कोणाचाही निरोप न घेता निघून आला. आपल्याकडे दुःखाच्या घरी पाणीही घेत नाहीत, उठताना 'येतो' म्हणत नाहीत. आईने शिकवलेलं तेच त्याने केलं. रांगेत साप्ताहिकाचा बातमीदार होता. गुरुवारी मथळा आला, 'मतं हवीत, चहा नको'.

"सगळे त्या जुन्या नगरसेवकाचे मिंधे आहेत," वसंता दिवसभर म्हणत राही. पुन्हा निवडणुकीला उभ्या असलेल्या त्या नगरसेवकाने एका मयताच्या घरी विधवेला भलत्याच नावाने हाक मारली होती आणि त्याची एक ओळही छापली नव्हती, तेवढं खरं होतं. मी महिन्याभराचे अंक घेऊन फूटपट्टीने प्रत्येक उमेदवाराला मिळालेली जागा मोजली. त्यात वसंताचा नंबर दुसरा लागला.

"शिव्यांची लांबी मोजतेस, ताई? तू माझ्या बाजूची की त्यांच्या?"

"मी पट्टीच्या बाजूची. आणि चहा तू घेतला नाहीस, हे काही त्यांनी रचलेलं नाही. संपादकाला पत्रं कसली लिहितोस? ब्रीडाकडे जा."

दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तू येणार असशील तर जातो."

ब्रीडाने आम्हाला स्वयंपाकघरातच बसवलं. "मला वाटलं, आमच्या कपांची तुला शिसारी आली," ती सरळ म्हणाली. वसंताचा चेहरा उतरला. आपल्यामुळे दुःखातल्या घराला चूल पेटवायला लागू नये म्हणून नको म्हणतात, हे त्याने अडखळत सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "अरे, पण चहा केला नसता तर त्या दिवशी मी या हातांचं काय केलं असतं?"  उठून तिने चहासाठी किटली ठेवली.

कप रिकामे झाल्यावर ती फोन शोधू लागली. "थांब, मी आत्ताच पेपरला कळवते. तुझा फोटोही काढू दे त्यांना इथे." मतदानाला पाच दिवस होते. मी मनात म्हटलं, सुटलो! वसंता मात्र उभा राहिला. "नको, ब्रीडा. टॉमच्या घरातून मला मत नको."

वाटेत मी त्याला मूर्ख म्हणून चांगलंच झापलं. "महिनाभर पेपरच्या नावाने बोटं मोडलीस, आणि आता खरं छापून येत होतं तर नको?"

"ताई, त्या बाईच्या स्वयंपाकघरात प्रचार करू?"

तो हरला. मी त्याला मूर्ख म्हटलं होतं, ते बरोबर की चूक हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. तुमच्या फोनवर एकच बातमी येते, कारण दुसरी त्यानेच येऊ दिली नाही.

हे लिहू का, असं काल ब्रीडाला विचारलं. निवडणुकीनंतर दर शनिवारी तो तिच्याकडे चहाला जायचा. "लिही," ती म्हणाली. "पण डॉक्टरने बजावूनही तीन चमचे साखर घ्यायचा, तेही लिही. नाहीतर पोरांना वाटेल कुणी संत होता." त्या घरात दुसरं कोणी साखर घेत नाही. बरणी अजून टेबलावरच आहे, चमचा आत तसाच. तिने ती कपाटात ठेवलेली नाही, आणि मीही तिला ठेव म्हटलं नाही.